इंकाल नावाचा गोंधळ आणि तो वाचायची रीत

‘‘मावशी, हा पहिल्याच पानावर मरायला निघालाय. मग पुढची तीनशे पानं कुणाची?’’

माझी भाची दिवाळीच्या सुट्टीत राहायला आली होती. कॉलेजात शिकते, वाचनाची आवड आहे. माझ्या कपाटातलं सगळ्यात जाड चित्रपुस्तक तिनं हौसेनं काढलं आणि दहाव्या मिनिटाला हा प्रश्न आला. अर्ध्या तासानं दुसरा आला, ‘‘हा पक्षी बोलायला कधी लागला?’’ आणि जेवायच्या वेळी तिसरा, ‘‘मावशी, यात चाललंय काय?’’

पुस्तकाचं नाव ‘इंकाल’. लिहिणारा आलेहांद्रो होदोरोव्स्की, १९२९ साली चिलीमधल्या तोकोपिया गावात जन्मलेला. चितारणारा फ्रेंच चित्रकार जाँ जिरो, म्हणजेच मोबियस. १९८० च्या डिसेंबरात ‘मेताल युर्लां’ या फ्रेंच मासिकात ही कथा सुरू झाली आणि १९८८ मध्ये सहाव्या भागावर संपली. मासिकाच्या नावाचा अर्थ ‘किंचाळणारा धातू’. विज्ञानकथेच्या चित्रमालिकांमध्ये ‘इंकाल’चं नाव आदरानं घेतात, आणि तितक्याच लोकांनी ती पहिल्या पन्नास पानांत खाली ठेवलेली असते. ती खाली ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी हे सांगते की वाचताना अडखळण्यात वाचकाची काही चूक नाही. मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली ती प्रामुख्यानं जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. त्यांच्या कथेची घडण आपल्या अंगवळणी पडली आहे. विज्ञानातली एक कल्पना घ्यायची, ती खरी मानायची आणि तिचे परिणाम एकेक पायरी उतरत दाखवायचे. गणित सोडवावं तशी कथा सुटते. ‘इंकाल’ला हीच पट्टी लावली, की माणूस हमखास हरतो. तिथे पायऱ्या आहेतच कुठे? तिथे खोल विहिरीसारखं शहर आहे आणि नायक त्यात डोकं खाली, पाय वर असा पडतोय.

मग पट्टी कुठली लावायची? माझं उत्तर आपल्या घरातलंच आहे. गोंधळ.

मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही इथे कामाला येतात. एक म्हणजे घोळ, गडबड. दुसरा म्हणजे लग्नानंतर कुलदेवीसाठी घालतात तो विधी. त्यात संबळ कडकडतो, तुणतुणं वाजतं, दिवटी पेटते. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता कल्लोळ वाटेल, पण आत पक्की बांधणी असते. आधी चौक मांडायचा. मग देवांना एकेक करून आवाहन करायचं, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, सगळ्यांनी गोंधळाला या. सगळे जमले की मग आख्यान. मध्येच साथीदार नाईकाला भलतेच प्रश्न विचारतो, लोक हसतात, कथा बाजूला जाते आणि परत येते. शेवटी आरती. आवाहन चालू असताना कुणी ‘कथा कुठे आहे?’ विचारत नाही. देव अजून यायचेत, हे घरातल्या पोरालाही माहीत असतं.

‘इंकाल’चे पहिले दोन भाग म्हणजे हेच आवाहन.

जॉन डिफूल नावाचा एक फडतूस खाजगी गुप्तहेर आहे. त्याच्या परवान्याची श्रेणी ‘आर’, म्हणजे वर्णमालेत बरीच खाली. त्याला आवड व्हिस्कीची, सिगारची आणि बायकांची. एका रात्री मरणाऱ्या एका अवाढव्य प्राण्याकडून त्याच्या हातात एक डबी येते. डबीत प्रकाशाचा इंकाल असतो, एक छोटासा लखलखता पिरॅमिड, ज्याच्यात जाणीव आहे आणि अफाट शक्ती आहे. एवढं झालं आणि त्याच्या मागे सगळे लागले. पोलीस मागे. शहराच्या अध्यक्षाचे कुबडे शिपाई मागे. दुसऱ्या दीर्घिकेतून आलेले बर्ग नावाचे पक्ष्यांसारखे परग्रहवासी मागे. यंत्रांची पूजा करणारे टेक्नो-पुरोहित मागे. बंडखोरांची पुढारीण तनाता मागे, आणि तिनं भाड्यानं घेतलेला, विश्वातला सर्वांत भयंकर योद्धा मेटाबॅरनही मागे.

वाचक इथे गोंधळतो, कारण प्रत्येक टोळीची ओळख, तिचा इतिहास, तिचं भांडण हे सगळं तो लक्षात ठेवायला बघतो. ते नका करू. भाचीला मी एवढंच सांगितलं, ‘‘आत्ता फक्त कोण कोण आलं ते बघ. कोणाचं कोणाशी काय नातं, ते पुढे आपोआप कळतं.’’ आणि तसंच होतं. दुसऱ्या भागानंतर शत्रू म्हणून आलेले हेच लोक एका घोळक्यात चालू लागतात. डिफूल, त्याचा पक्षी डीपो, मेटाबॅरन, त्यानं वाढवलेला मुलगा सोलून, तनाता, तिची बहीण अनिमा आणि कुत्र्याच्या डोक्याचा किल, असे सात जण. चौक भरला. आख्यान आता सुरू होतं.

नावांकडेही लक्ष द्यावं, कारण लेखकानं किल्ल्या दारालाच लटकवून ठेवल्या आहेत. ‘डिफूल’मध्ये इंग्रजी ‘द फूल’ ऐकू येतं. ‘सोलून’मध्ये फ्रेंचमधले सूर्य आणि चंद्र एकत्र आलेत. ‘अनिमा’ म्हणजे लॅटिनमध्ये आत्मा. ‘तनाता’च्या मागे ग्रीकांचा मृत्यूदेव थॅनाटोस उभा आहे. होदोरोव्स्कीला टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांचा आयुष्यभराचा नाद. पॅरिसच्या कॅफेत बसून तो लोकांना फुकट पत्ते वाचून दाखवायचा. जुन्या मार्सेय टॅरोमध्ये ‘फूल’ म्हणजे वेड्या माणसाचा एक पत्ता आहे. बाकीच्या मुख्य पत्त्यांवर क्रमांक असतात, या पत्त्यावर नसतो. खांद्यावर गाठोडं, मागे पायाला झोंबणारं एक जनावर, आणि गडी चाललाय. क्रमांक नाही म्हणून त्याची जागा ठरलेली नाही, आणि जागा ठरलेली नाही म्हणून तो कुठेही जाऊ शकतो. डिफूल नेमका तसाच राजवाड्यात शिरतो, उकिरड्यात पडतो, पृथ्वीच्या पोटात जातो, परग्रहावर पोचतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची पहिली इच्छा तिथून पळून जायची असते.

तमाशातला सोंगाड्या आठवा. वगात राजा असतो, प्रधान असतो, गंभीर प्रसंग असतो आणि मध्येच सोंगाड्या आपल्या पोटापाण्याची गोष्ट काढतो. ‘इंकाल’मध्ये सोंगाड्यालाच नायक केलंय. भोवती सगळे विश्व वाचवायच्या गोष्टी बोलतात आणि हा म्हणतो, मला घरी जाऊ द्या. मेटाबॅरनसारखा वीर नायक असता तर ही कथा दोन भागांत संपली असती आणि मी तरी ती दुसऱ्यांदा वाचली नसती. पळपुट्या माणसाच्या डोळ्यांनी विश्वाचं रहस्य पाहायला मिळणं, ही या मालिकेची खरी मौज आहे.

डीपोचं सांगायलाच हवं. तो काँक्रीटच्या जंगलात राहणारा सीगल आहे, डिफूलचा एकुलता एक सोबती. गडबडीत तो इंकाल गिळतो आणि बोलायला लागतो. नुसतं बोलणं नाही, चक्क प्रवचन. अनुयायी जमतात, डोळे मिटून ऐकतात. ज्याला काल दाणे टाकले तो आज धर्म सांगतोय आणि मालक बाजूला उभा राहून बघतोय. मी ही पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा इतकी हसले की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. भाचीही इथेच पहिल्यांदा मोठ्यानं हसली, आणि मला समजलं की आता हे पुस्तक खाली ठेवलं जात नाही.

हा सगळा घोळ झाला कसा, याची कारणं आहेत. आणि ती ‘लेखकाच्या डोक्यात आलं ते लिहिलं’ याच्यापेक्षा कितीतरी छान आहेत.

गोष्ट सुरू होते १९७० च्या दशकाच्या मध्यावर. होदोरोव्स्की तेव्हा फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ कादंबरीवर चित्रपट काढायच्या मागे लागला होता. सम्राटाच्या भूमिकेसाठी त्यानं चित्रकार साल्वादोर दालीला गाठलं होतं. प्रत्येक दृश्य आधी कागदावर हवं म्हणून त्यानं मोबियसला बसवलं आणि मोबियसनं हजारो चित्रं काढून दिली. पैसे उभे राहिले नाहीत, चित्रपट झाला नाही. पण दोघांच्या डोक्यात साठलेलं विश्व कुठे जाणार? त्यातलं बरंच काही ‘इंकाल’मध्ये उतरलं. एका अवाढव्य चित्रपटाचा सगळा साठा मासिकाच्या मोजक्या पानांत रिता केल्यावर दाटीवाटी होणारच.

त्यात लिहायची पद्धत न्यारी. आपल्याकडे समजूत अशी की लेखक संहिता लिहून देतो आणि चित्रकार ती चितारतो. इथे होदोरोव्स्की कथा तोंडी सांगायचा. पॅरिसमध्ये एतिएन दक्रूकडे मूकाभिनय शिकलेला आणि मार्सेल मार्सोच्या मंडळीत काम केलेला माणूस तो, त्यामुळे सांगायचा म्हणजे करून दाखवायचा, आणि मोबियस समोर बसून भराभर रेखाटनं करत जायचा. तीच त्यांची संहिता. समोर बसलेल्याचे डोळे चमकले की सांगणाऱ्याला चेव येतो, हे कुठल्याही गोंधळ्याला विचारा. ‘इंकाल’मध्ये दर चार पानांवर काहीतरी अघटित घडतं, त्याचं मूळ या बैठकींमध्ये आहे. शिवाय मासिकात हप्त्याहप्त्यानं येणारी कथा, म्हणजे प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचकाचा श्वास अडकवणं आलंच. सलग वाचताना ते श्वास अडकणं एकामागून एक येतं आणि दमायला होतं. म्हणून माझा सल्ला, एका बैठकीत एकच भाग वाचा.

आणि मोबियस! या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण हा सगळा डोलारा त्याच्या रेषेवर उभा आहे. जन्म १९३८, मृत्यू २०१२. आपल्याला ओळखीचा ॲस्टेरिक्स ज्या ‘पिलोत’ साप्ताहिकातून घडला, त्याच साप्ताहिकात १९६३ पासून जिरो ‘ब्लूबेरी’ नावाची काउबॉय मालिका काढत होता. तिथे सही ‘जिर’. घोडे, धूळ, खडक सगळं अस्सल, मेहनतीनं काढलेलं. मनातलं वेडंवाकडं काढायला मात्र त्यानं दुसरं नाव घेतलं, मोबियस. हे नाव जर्मन गणिती आउगुस्ट मोबियसचं, ज्याची पट्टी प्रसिद्ध आहे. कागदाची लांब पट्टी घ्या, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. आता मधोमध पेन्सिलीनं रेघ ओढत चला. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून निघालात तिथेच येते, कारण त्या पट्टीला बाजू एकच उरलेली असते. भाचीला मी वर्तमानपत्राच्या कडेची पट्टी कापून हे करून दाखवलं. तिनं ती पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवली. ती किती योग्य जागी गेली, हे तिला शेवटच्या भागात कळणार होतं.

काउबॉयांच्या मालिकेत सतरा वर्षं घासलेला हात परग्रहावर गेला की काय होतं, ते डिफूलच्या पडण्याच्या चित्रात पाहा. काही मुखवटेवाल्यांनी त्याला ‘आत्महत्या गल्ली’तून खाली फेकलंय. शहर उभ्या बोगद्यासारखं आहे, दोन्ही अंगांनी मजल्यांवर मजले, आणि अगदी तळाशी आम्लाचं तळं. डिफूल मधोमध, हातपाय पसरलेले. आपली नजर आधी त्याच्यावर जाते. मग सावकाश कडेला सरकते. तिथे सज्जे आहेत, सज्जांवर गर्दी आहे, आणि गर्दीतल्या एवढ्याएवढ्याशा माणसाला स्वतःचं अंग आहे, स्वतःची उभं राहायची तऱ्हा आहे. कुणाच्या तरी जिवावर बेतलंय आणि मजल्यामजल्यांवर लोक तमाशा बघतायत. शहर कसं आहे, तिथे जिवाची किंमत काय आहे, हे एका शब्दाशिवाय कळलं. म्हणून म्हणते, कथा कळेनाशी झाली की संवाद सोडा आणि चित्रात हिंडा. पाचेक मिनिटांनी वाट सापडते.

आता सगळ्यात कामाची किल्ली. वर आणि खाली.

तिसऱ्या भागाचं नाव ‘जे खाली आहे ते’, चौथ्याचं ‘जे वर आहे ते’. युरोपातल्या किमयागारांचं एक जुनं वचन आहे, जसं वर तसं खाली. ‘एमराल्ड टॅब्लेट’ नावाच्या छोट्या ग्रंथातून ते आलं. आपल्याला ते परकं वाटायचं कारणच नाही. जे पिंडी ते ब्रह्मांडी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. होदोरोव्स्कीनं सहाही भाग या एका दोरीत ओवले आहेत. शहरात वर डोक्याभोवती तेजोवलय मिरवणारे उमराव, खाली आम्ल. तिसऱ्या भागात सातही जण खाली खाली जातात, शहराच्या कचऱ्यातून, उंदरांच्या राज्यातून पृथ्वीच्या पोटात. मग वर, अवकाशात, इतर ग्रहांवर. एखाद्या पानावर सगळं हातातून सुटलं तर स्वतःला एकच प्रश्न विचारा, आत्ता आपण वर चाललोय की खाली? उत्तर प्रत्येक वेळी मिळतं, आणि ते मिळालं की बाकीचं जागेवर बसतं. घटना सैरावैरा धावतात, पण दिशा कधी चुकत नाही.

विनोदाचा कळस मात्र बर्ग लोकांच्या प्रकरणात आहे. त्यांची एक आद्य राणी आहे. साऱ्या जमातीची पुढची पिढी तिच्या पोटी जन्मते, म्हणून तिचा जोडीदार ठरवायला जीवघेणी स्पर्धा असते. दीर्घिकेतले बलवान मर्द तिथे येतात. आणि त्यांच्यात येऊन पडतो आपला डिफूल, ज्याला फक्त जिवंत राहायचंय. तोच जिंकतो. राणीमध्ये त्याला त्याची लाडकी अनिमा दिसते, मीलन होतं, आणि बर्गांची नवी पिढी जन्माला येते. अब्जावधी पोरं. प्रत्येकाचं तोंड हुबेहूब डिफूलचं! तेच लांब नाक, तोच बावळा चेहरा, क्षितिजापर्यंत. भाचीनं ते पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, ‘‘मावशी, एवढ्या पोरांचं बारसं कोण करणार?’’

हा विनोद लेखक वापरून टाकून देत नाही, शेवटच्या भागांत तो परत येतो. आणि त्यातही वर-खाली आहेच. सगळ्यात खालचा माणूस एका अख्ख्या दीर्घिकेचा बाप झालाय. नुसतं हसून पुढे गेलात तरी चालेल, पण क्षणभर थांबलात तर दिसतं की गोष्ट केव्हाची गंभीर झालेली आहे.

शेवटाबद्दल लिहावं की नाही, याचा मी विचार केला. पण या पुस्तकाचा शेवट आधी माहीत असून काही बिघडत नाही, किंबहुना तो माहीत असेल तर वाचक मध्येच सोडून जात नाही. तर, सूर्य गिळत सुटलेल्या महाअंधाराला थोपवायला एकच उपाय उरतो. सगळ्यांनी एकाच वेळी झोपी जायचं आणि एकच स्वप्न पाहायचं. बंदुका, यानं, सैन्यं सगळी पाहून झाल्यावर उपाय काय निघाला, तर झोप! मला हे फार आवडतं. त्यानंतर डिफूल ऑर्ह नावाच्या, दाढीवाल्या तेजस्वी पुरुषासमोर येतो. त्याच्यावर साक्षी राहायची, लक्षात ठेवायची जबाबदारी येते. आणि मग तो पडायला लागतो. पाहिलेल्या सगळ्यातून मागे मागे, पडत पडत, थेट आत्महत्या गल्लीच्या त्या बोगद्यात. हातपाय पसरलेले, खाली आम्लाचं तळं.

विकत घ्यायची असेल तर दोन गोष्टी. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. मधल्या काळात एक आवृत्ती नव्यानं रंगवून आणि उघडी अंगं झाकून निघाली होती, ती टाळा आणि मूळ रंगांची घ्या. पहिल्या भागाचे रंग ईव्ह शालाँ या गुणी चित्रकाराचे आहेत, त्या रात्रीच्या शहराला तेच शोभतात. दुसरं, नग्नता आणि हिंसा भरपूर आहे. चित्रांचं पुस्तक म्हणून शाळकरी मुलाच्या हातात देऊ नका.

भाचीनं शेवटचा भाग भाऊबीजेच्या दुपारी संपवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग ती कागदी पट्टी बाहेर काढली, बोटानं तिच्यावरून एक फेरी मारली आणि पुस्तक पुन्हा पहिल्या भागाशी उघडलं.

‘‘मावशी, शेवटी त्याला लक्षात ठेव म्हणतात ना? मग इथे पडताना त्याला आठवत असेल का?’’

मी चष्मा लावला. ‘‘त्याचं तोंड बघू,’’ म्हटलं, आणि आम्ही दोघी त्या चौकटीवर वाकलो.